मुंगसाचं खरं नाव

वणीच्या खालच्या अंगाला आमची वाडी. तिथला खंडेराव गांगुर्डे हा सरकारी पट्टा कमरेला लावणारा वाडीचा पहिला माणूस, आन तो पट्टा आपणहून काढून ठेवणाराही तोच पहिला. सातवीची फायनल पास झाला तवा लोकांना वाटलं, तलाठी होईल. हा नाशकात जाऊन पोलीस झाला. अंगानं आडमाप, आवाज रांजणातून आल्यासारखा.

त्याला काम मिळालं हजेरीचं. ज्या जमातींवर सरकारनं गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता, त्यांच्यातल्या बाप्यांनी सांज-सकाळ चौकीपुढं उकिडवं बसायचं आन यानं पुकारा करायचा. नाव, बापाचं नाव, गाव. तिन्ही एका दमात. समोरच्यानं ‘हाजर’ म्हणायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यावर जिभेला वळणच पडलं. घरी पाहुणा आला तरी आधी त्याची ही तीन ठिकाणं लागायची, मग पाणी.

त्या चौकीवर पुण्याचे ढुंढिराजपंत दातार आले. माणसांच्या जमातींचा अभ्यास करणारे प्राध्यापक. वाकड्या पायांच्या पितळी हत्यारानं ते हजेरीवाल्यांच्या डोक्यांची मापं घेत, आन खंडेरावानं माणसं धरून बसवायची. एक दिवस यानं भीत भीत इचारलं, की डोकं मोजून झाल्यावर आत काय हाय तेही बघता का. पंत चिडले नाय. म्हणाले, बघतो, पण त्याला माणसापाशी बसावं लागतं, आणि धरून बसवलेला माणूस बोलत नसतो. हे खंडेरावाला लागलं. मग पंत नाशकात आले की हा सुट्टी टाकून त्यांच्या मागं. लगीन कसं ठरतं, शपथ कशावर घेतात, भांडण कोण मिटवतं, हे कसं इचारावं आन कवा इचारूच नये, ते पंतांनी त्याला शिकवलं.

तीस साली चळवळ पेटली. शाळकरी पोरांना दोर बांधून नाशिकरोडच्या तुरुंगात पोचवायचं काम आलं. पावसाळा सरायच्या आत यानं राजीनामा टाकला. वाडीनं हार आणले ते त्यानं परत धाडले. म्हणाला, नोकरी देशाबिशासाठी नाय सोडली, पोरांची मनगटं लय बारीक होती, गाठ बसत नव्हती.

मग पंचवटीतल्या एका मराठी शाळेत मास्तर झाला. त्याची बायको कलाबाई तोंडाची तिखट. शेजारणीला म्हणायची, “आधी लोकांची डोकी फोडत व्हते, आता त्यात बाराखडी भरतेत. पुढं काय, आत जाऊन ऱ्हाणार?”

झालं तसंच. छत्तीस साली पंतांनी त्याला नवं काम दिलं. खेड्यातून शहरात आलेली जवान पोरं इथं आल्यावर कोणाची होतात, ते बघायचं. शाळा सुटली की खंडेराव घाटावर, टांग्याच्या अड्ड्यावर, विड्यांच्या कारखान्याच्या दाराशी बसायचा. बसून बसून त्याला कळलं, की यातली लय पोरं शेवटी एकाच उंबऱ्याशी जातात. तो उंबरा सलाउद्दीन वस्तादाच्या तालमीचा.

सलाउद्दीन जुना विणकर. कानाच्या पाळ्या चेचून मुटकुळं झालेल्या. त्याच्या तालमीचा एक कायदा होता. पोरानं लाल मातीत पहिला पाय ठेवला की वस्ताद त्याला नाव देणार, पुढं तेच. मूळ नाव, बाप, गाव, जात कोणी काढायची नाय. पोरानं आपल्या तोंडानं सांगितलं तर ऐकणाऱ्यानं पोटात ठेवायचं. कोणी बापाशी भांडून आलेला, कोणी लगीन मोडून पळालेला. मातीत उतरला की वस्तादाचा.

खंडेराव वर्षभर तिथं कडेला बसला तवा त्याला हा कायदा उलगडला. पंतांना त्यानं सांगितलं, पोरं ताकदीसाठी येतात असं आपल्याला वाटतं, ती येतात नव्या नावासाठी. पंत म्हणाले, खंडेराव, आपल्या सगळ्या कामाचं मूळ हेच.

तालमीत मुंगूस नावाचं एक पोरगं होतं. पेठेकडच्या डोंगरातलं, काटकुळं, पण चपळ. लय दिवस ते खंडेरावाशी बोललं नाय. मग एकदा घाटावर लंगोट वाळत घालताना आपणच सुरू झालं. त्याचं नाव बारकू भोये. लाकडाच्या ठेकेदाराच्या मुकादमानं त्याच्या बहिणीचा हात धरला, यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं मुकादमाचा हात मोडला आन त्याच पावली रान सोडलं. मागं वॉरंट हाय. खंडेरावानं ऐकलं आन पोटात ठेवलं.

नागपंचमीला तालमीत मातीची पूजा आन कुस्त्या. खंडेरावाचा जुना वरिष्ठ वेणीमाधव फौजदार कुस्तीचा शौकीन. म्हणाला, मला घेऊन चल, धोतरावर येतो. खंडेरावानं वस्तादाला इचारलं. वस्ताद म्हणाला, तुम्ही आणताय ना, मग येऊ द्या.

फौजदार आला, माती कपाळाला लावून पोत्यावर बसला. मुंगसानं आपल्या दीडपट गड्याला धोबीपछाड घातली. गडी उताणा. फौजदार मांडीवर थाप मारून म्हणाला, “वा रे पठ्ठ्या. कोण रे हा?”

खंडेरावाला पोराचा अभिमान वाटला होता. त्यानं सांगितलं, “बारकू लक्ष्या भोये, पेठेकडचा.”

नाव, बाप, गाव. एका दमात. बोलला आन मग त्याला कळलं, आपण काय बोललो ते. फौजदारानं पुढची कुस्ती बघितली, प्रसाद खाल्ला आन गेला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी बारकूला घाटावर धरला. खंडेराव तसाच चौकीवर धावला. फौजदारानं त्याला खुर्ची दिली.

“खंडू, मी खरंच कुस्ती बघायला आलो होतो,” तो म्हणाला. “वॉरंट कपाटात पडलं होतं. मी पोराचं कौतुक केलं, तू हजेरी पुकारलीस. आता मी कानात बोळे घालू?”

फौजदारानं वाट काढली, की पोरानं तुला काय सांगितलं त्याची साक्ष दे, मी शिक्षा कमी व्हावी म्हणून दोन शब्द घालतो. खंडेराव म्हणाला, ते माझ्या तोंडून परत निघायचं नाय. साक्ष दिली नाय, पण त्यानं काय अडलं नाय. मुकादम वाकडा हात घेऊन कोर्टात उभा राहिला. बारकूला सक्तमजुरी झाली.

निकालाच्या सांजेला खंडेराव तालमीत गेला. पोरं अंग घासत होती. त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, नाव मी फोडलं.

वस्ताद उंबऱ्यापर्यंत आला. मग म्हणाला, “गुरुजी, आमचा कायदा तुम्हाला ठाऊक नव्हता असं म्हणा. पोरं माफ करतील.”

“ठाऊक व्हता,” खंडेराव म्हणाला. “ह्या पोरांपेक्षा जास्ती ठाऊक व्हता.”

“मग येत जाऊ नका.”

पंतांनी त्याला समजावलं. नावं बदलून लिहू, गाव बदलू, तुझ्याइतकं या पोरांचं कोणालाच माहीत नाही. खंडेराव म्हणाला, म्हणून तर नको. काम तिथंच थांबलं. पंत नाराज झाले, पण त्यांनी दुसरा माणूस धाडला नाय, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

भेटीच्या दिवशी खंडेराव नाशिकरोडला तुरुंगाच्या फाटकाशी जायचा. बारकू भेटायला नकार द्यायचा. शिपाई येऊन सांगायचा, कैदी येत नाय. खंडेराव मान हलवून परत फिरायचा, पुढच्या भेटीला परत जायचा. जाताना कलाबाई बारकूसाठी फडक्यात भाकरी बांधून द्यायची, ती तशीच परत यायची.

बारकू सुटला तवा फाटकाशी सलाउद्दीन स्वतः उभा होता. खंडेराव रस्त्याच्या पलीकडं. बारकूनं त्याला बघितलं आन वस्तादाबरोबर चालायला लागला. तो तालमीत आला नाय, डोंगरातही गेला नाय.

बऱ्याच दिवसांनी मधल्या सुट्टीत वस्ताद शाळेच्या ओट्याशी आला. वर चढला नाय.

“पोरगा कामाला लागला,” म्हणाला. “हातमागावर. नावही नवं हाय.”

एवढं बोलून तो थांबला. कुठल्या गावी, काय नावानं, हे सगळं खंडेरावाच्या जिभेवर आलं असणार. वस्तादही तेच बघत उभा होता. खंडेराव त्याच्या चेचलेल्या कानांकडं बघत राहिला.

“जेवतो का पोटभर?” त्यानं इचारलं.

“जेवतो.”

“बरं झालं.”

घंटा झाली. वस्ताद आला तसा गेला. आत पोरांनी पाढे धरले होते आन सतराच्या पाढ्यात सगळी मिळून चुकत होती. खंडेराव उठला आन वर्गात गेला.