काळा डाग लागला की चेंडू बाहेर

मंडळी, आज सकाळपासून मी स्वतःचा उजवा अंगठा बघत बसलोय.

साठच्या दशकात आम्ही कोकणातली पोरं कुवेतला, फहाहीलमध्ये तेल कंपनीत नोकरीला होतो. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीला, ऊन उतरलं की किनाऱ्यावर फुटबॉल. माझं रत्नागिरीचं कॉलेज विरुद्ध माझ्या दापोलीच्या दोस्ताचं, उस्मानचं, मुंबईचं. कॉलेज सुटलं, पण खुन्नस आम्ही बोटीतून सोबत आणली होती. वाळूवर रेघा मारायच्या त्या कच्च्या तेलाने. पंच नव्हता, म्हणून नियम एकच: चेंडूला काळा डाग लागला की चेंडू बाहेर.

अजून डोळे मिटले की तो खारा वारा येतो, आणि अगदी रेघेला खेटून पळत उस्मानने मारलेला तो गोल दिसतो. मी चेंडू उचलून डाग दाखवला. गोल रद्द. आम्ही जिंकलो.

डाग माझ्या अंगठ्याचा होता.

आज फोनवर त्याला एकदाचं सांगून टाकलं. तिकडे दापोलीत म्हातारा खो खो हसला. "ठाऊक होतं रे. अंगठा बघितला होता तुझा."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर पुढच्या जुम्म्याला खेळलो कोणाशी असतो?"

तुमची लबाडी ओळखूनही खेळायला येत राहिलेला असा कोणी आहे का तुमचा? आजच फोन करा त्याला.