परतीची तारीख

हळूकाकांनी एका बापाला त्याच्या मुलीचं कौतुक सांगितलं. चूक एवढीच. पण काही चुका अशा असतात की करताना माणसाला आपण पुण्यच करतोय असं वाटत असतं.

हळूकाका म्हणजे आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. एकोणिसाव्या वर्षी फाटक्या पुस्तकांना खळ लावायच्या कामावर आले आणि पुढची एकतीस वर्षं तिथून हलले नाहीत. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून सगळ्यांत जास्त वेळा निघालेला शब्द एकच, "हळू". पान उलटताना हळू, खुर्ची सरकवताना हळू, हसताना तर फारच हळू.

मोठी माणसं वाचनालयात पेपर वाचायला आणि पंख्याखाली बसायला येत. काकांचा खरा जीव शनिवारच्या कट्ट्यावर. बारा ते सतरा वर्षांची पोरं दुपारी चारला मागच्या खोलीत जमायची, आणि प्रत्येकाने आठवड्यात वाचलेल्या पुस्तकाबद्दल पाच मिनिटं बोलायचं. शेवट फोडायचा नाही. फोडला तर त्या दिवशी सगळ्या खुर्च्या त्यानेच उचलायच्या. पुस्तक सुचवायची काकांची रीतही उलटीच होती. "हे चांगलं आहे, वाच" असं ते जन्मात म्हणाले नाहीत. पुस्तक हातात घेऊन जरा तोलायचे आणि परत मांडणीवर ठेवत म्हणायचे, "राहू दे, तुला झेपायचं नाही हे." पाच मिनिटांत ते पुस्तक त्या पोराच्या दप्तरात गेलेलं असायचं.

पोरांची नावंही त्यांनी वाचण्यावरून पाडलेली. एक मुलगी आधी शेवटचं पान वाचायची, ती "शेवटून". आणि एक सोळा वर्षांची, तिसऱ्या दिवशी पुस्तक संपवून दारात हजर, ती "फडशा". फडशा म्हणजे कुलूपवाल्याची मुलगी.

तर, वरून परिपत्रक आलं. किशोरवयीन वाचकांसाठी उपक्रम राबवा आणि छायाचित्रांसह अहवाल पाठवा. काकांची पंचाईत झाली. कट्टा होता, पण त्याचा फोटो काय काढणार? वाचणारं पोर फोटोत झोपलेल्या पोरासारखंच दिसतं. मग त्यांनी भिंतीवर कागदाचं झाड केलं. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचं एक हिरवं पान, पानावर पुस्तकाचं नाव आणि वाचणाऱ्याचं नाव. फोटो झकास आला. जुने ग्रंथपाल जाताना एक गोष्ट बजावून गेले होते: कोण काय वाचतो, हे डॉक्टरने रोग्याचं ठेवावं तसं पोटात ठेवायचं. तेव्हापासून काकांनी ते ठेवलं, आणि एका झाडापायी सगळं भिंतीवर मांडलं.

त्याच आठवड्यात कुलूपवाला कपाटाचं कुलूप दुरुस्त करायला आला. बारीक अंगाचा, स्वच्छ नखांचा माणूस. गावातल्या निम्म्या दारांच्या किल्ल्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. आवाज काकांपेक्षाही हळू. काकांना राहवलं नाही.

"ती उजवीकडची फांदी बघा. सगळी तुमच्या मुलीची. अख्ख्या वाचनालयात पहिली."

कुलूपवाल्याने हात पुसले आणि फांदीजवळ जाऊन एकेक पान बोट ठेवून वाचलं. सोपी यंत्रं. इंजिन उघडताना. प्रवेश परीक्षेचं गणित. वसतिगृहातली चार वर्षं. एकटीने केलेला पहिला प्रवास. सुटं सुटं पाहिलं तर एकाही पानात वावगं काही नव्हतं. ओळीने वाचलं की ते घर सोडून जायचं पत्र होतं. काकांना हे कळलं तेव्हा त्याचं बोट शेवटच्या पानावर थांबलेलं होतं.

"बरंच वाचते," कुलूपवाला म्हणाला. मग दुरुस्त केलेलं कुलूप दोनदा उघडून-लावून दाखवलं आणि निघून गेला.

शनिवारी फडशा आली नाही. कट्टा संपल्यावर शेवटून मागे रेंगाळली. ती कुलूपवाल्याच्याच गल्लीतली. तिने सांगितलं की फडशाचे बाबा म्हणतात, फडशाला ताप आहे. "पण काका, ताप आलेल्या माणसाच्या खोलीला बाहेरून कुलूप कशाला?" पुढचंही तिच्याकडूनच कळलं. शाळेतून नाव काढायचा अर्ज गेलाय, आणि महिनाअखेरीला तिला लांब आत्याकडे पाठवणार, घर सांभाळायला. कायमची.

काकांच्या टेबलाच्या खणात एक पाकीट होतं. दूरच्या शहरातल्या निवासी तंत्रशाळेचं. तीस जागा, राहणं-जेवण शाळेचं. फडशाने अर्जावर पत्ता वाचनालयाचा दिला होता, पालक म्हणून सही आईची होती. परीक्षा गावातल्याच एका शाळेत, सकाळी दहाला, एवढं अर्जात छापलेलं होतं; तारीख आणि बैठक क्रमांक पत्राने कळवणार होते. ते पत्र गुरुवारीच आलेलं. परीक्षा पुढच्या महिन्यात असेल असं ती धरून बसलेली, आणि पत्रात तारीख होती याच महिन्याची, दुसऱ्या रविवारची. तिला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एकट्या काकांना, आणि ते पाकीट खणातून त्यांच्याकडे बघत बसलेलं.

घरी जाऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू दवाखान्यात केसपेपर काढायच्या, त्यामुळे कोणाचंही दुखणं ऐकायची त्यांना सवय. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "आग तुम्ही लावलीत. आता धूर किती झाला ते मोजत बसू नका." काका शाळेत गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, घरचा मामला आहे, लेखी द्या, बघू. त्यांनी लेखी दिलं. बाईंनी त्यावर पेपरवेट ठेवला.

मंगळवारी कुलूपवाला स्वतःच आला. मुलीकडचं पुस्तक परत करायला.

"आजारी आहे, पण वाचायची सवय लागलीय. तुमच्यामुळेच," तो म्हणाला. "आता पुस्तकं मी नेत जाईन. घर सांभाळायचं, शिवण-टिपण, असलं काही द्या."

काकांनी गृहोपयोगी विभागातलं एक काढलं. त्याने ते काउंटरवरच पान पान करून चाळलं, मग दोन्ही पुठ्ठे धरून उलटं केलं आणि झटकलं. काही पडलं नाही. "तुमच्या घराचं कुलूप माझ्याच हातचं ना?" जाता जाता त्याने विचारलं. "त्या किल्लीची नक्कल आहे माझ्याकडे. गिऱ्हाइकाची हरवली तर अडायला नको म्हणून मी ठेवतोच."

तो गेल्यावर काकांनी परत आलेलं पुस्तक उघडलं. शेवटच्या पुठ्ठ्यावर तारखांचा कागद चिकटवलेला असतो. त्याच्या खाली, अगदी कडेला, पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: पत्र आलं का?

म्हणजे तिचा निरोप बाहेर येत होता. परत येणारं पुस्तक तो तपासत नव्हता. आत जाणारं मात्र पान पान करून बघायचा. काकांना चिठ्ठी घालता येत नव्हती, पानावर खूण करता येत नव्हती, आणि शेवटूनला कुलूपवाला दारातूनच परत पाठवत होता. तीन दिवस ते घास चिवडत राहिले. काकू म्हणाल्या की आता तुम्हालाच ताप येणार.

शुक्रवारी कुलूपवाला दुसरं पुस्तक न्यायला आला. चाळलं, उलटं केलं, झटकलं. मग काकांनी ते त्याच्या हातातून रोजच्यासारखंच घेतलं, शिक्का फिरवला आणि तारखांच्या कागदावर मारला. परतीची तारीख: परवाचा रविवार. वाचनालय रविवारी बंद असतं. एकतीस वर्षांत कोणाचंही पुस्तक रविवारी परत करायचं नव्हतं, आणि हे फडशाइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तारखेपुढे सभासद क्रमांक लिहायचा असतो. तिथे काकांनी बैठक क्रमांक लिहिला. क्रमांकाच्या सुरुवातीची तंत्रशाळेची दोन अक्षरंही तशीच ठेवली.  

कुलूपवाल्याला आकडे बघायची सवय. तो त्या कागदाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"रविवारी उघडं असतं का?"

"उपक्रम आहे," काका म्हणाले. "परिपत्रक आलंय वरून."

"हं," तो म्हणाला. पुस्तक काखेत मारून निघाला.

रविवारी काका साडेआठलाच परीक्षेच्या शाळेच्या फाटकाशी उभे राहिले, पाकीट शर्टाच्या आत. दहाला घंटा, दहाला फाटक बंद. साडेनऊपर्यंत गर्दी होती, पावणेदहाला सगळी पोरं आत गेली. मग रस्त्यावर काका आणि फाटकावरचा रखवालदार, दोघंच. घंटा झाली. रखवालदाराने साखळी ओढली.

काकांनी त्याला काय काय सांगितलं ते त्यांना नंतर धड आठवत नव्हतं. रखवालदार म्हणाला, नियम म्हणजे नियम. मग त्याने काकांना नीट न्याहाळलं. "तुम्ही वाचनालयवाले ना? माझं पोरगं चौदाचं आहे. मोबाइलमधून मान वर काढत नाही. त्याला धरून ठेवेल असं एक पुस्तक सांगा."

"सांगतो."

"असं मोघम नको. नक्की?"

"नक्की."

"मग हे कुलूप जरा अडकतंय बुवा," रखवालदार म्हणाला आणि साखळीशी खटपट करत राहिला. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या मिनिटाला कोपऱ्यावरून रिक्षा वळली.

फडशा आधी उतरली, पायात वेगवेगळ्या चपला. तिने पाकीट घेतलं, काकांकडे एकदा पाहिलं, आणि फाटकाच्या फटीतून आत पळाली. साखळी ओढली गेली. मग रिक्षातून तिची आई उतरली. काकांनी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली, डाव्या हातात गच्च भरलेली पिशवी.

"कुलूप अजून लावलेलंच आहे," ती म्हणाली, काकांनी काही विचारायच्या आधीच. "हे सकाळी बाहेर पडल्यावर बिजागऱ्या काढल्या. कुठला स्क्रू आधी काढायचा ते ती आतून सांगत होती."

दोघं पायरीवर बसली.  पेपर झाला की आई तशीच स्टँडवर जाणार होती, मुलीला घेऊन बहिणीकडे. रिक्षावाल्यालाही थांबवून ठेवलं होतं. साडेअकराच्या सुमाराला समोरच्या बाजूला एक स्कूटर येऊन उभी राहिली. कुलूपवाला आधी वाचनालयावर जाऊन आला असावा, आणि मग क्रमांकातल्या त्या दोन अक्षरांचा अर्थ त्याला लागला असावा. तो उतरला नाही, ओरडला नाही, रस्ता ओलांडून इकडे आला नाही. बायकोकडे बघत नव्हता आणि काकांकडेही नाही. फाटकाच्या कुलपाकडे बघत होता. काका म्हणतात, त्याने येऊन चार लोकांत गळा धरला असता तर बरं वाटलं असतं.

एक वाजता पोरं बाहेर आली. आईने फडशाला धरून रिक्षात घातलं. काका पुढे रिक्षावाल्याशेजारी अर्ध्या मांडीवर बसले. स्टँडपर्यंत स्कूटर मागे होती, ना जवळ ना लांब. बस लागली होती. बस सुटेपर्यंत कुलूपवाला खांबाला टेकून उभा राहिला. खिडकीतून फडशाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाला निरोप द्यावा तशी. बस गेल्यावर तो काकांजवळ आला.

"कपाटाचं कुलूप ठीक चालतंय?"

"चालतंय."

"काही अडलं तर मी आहेच," तो म्हणाला.

संध्याकाळी काकांनी भिंतीवरचं झाड उतरवलं आणि सगळी पानं बंबात घातली. तीन आठवड्यांनी पेपरात यादी आली. तिसांत फडशाचा क्रमांक एकोणिसावा. काकांनी ती बातमी कापून ठेवली नाही, कोणाला दाखवलीही नाही. पाठ करून ठेवली.

त्यानंतर एका दुपारी काकू दवाखान्यातून घरी आल्या तर दार उघडं होतं. काही गेलं नव्हतं. एक भांडंसुद्धा हललेलं नव्हतं. फक्त दाराचं कुलूप जेवायच्या टेबलावर, मधोमध ठेवलेलं. नुकतंच तेल घातलेलं. आता काकांच्या दाराला दुसऱ्या गावाहून आणलेलं कुलूप आहे, पण काकू रोज घरात शिरल्यावर आधी टेबलाकडे बघतात. कुलूपवाला बाजारात भेटला की दोघांनाही अदबीने नमस्कार करतो.

शनिवारचा कट्टा चालू आहे. पण काका पुस्तक सुचवताना आता थबकतात. हे घरी कोणाच्या हाती पडेल, कोण कोणाच्या खांद्यावरून वाचेल, असा विचार करत मांडणीसमोर उभे राहतात, तोवर पोर कंटाळून आपणच काहीतरी घेऊन जातं.

रखवालदाराची गाठ आठवड्यातून दोनदा तरी पडते. तो सायकलवरून उतरतो. "साहेब, माझ्या पोरासाठीचं ते पुस्तक?" काका म्हणतात, शोधतोय. पोराला काय आवडतं ते सांग, म्हणजे सोपं जाईल. ते मला माहीत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं, असं रखवालदार म्हणतो आणि पुन्हा सायकलवर बसतो. त्याला एक पुस्तक द्यायचं आहे. ते अजून राहिलंय.