वहिनींचं कृष्णाजिन

आमच्या अंबिकावहिनींना खोटं बोलता येत नसे. हे मी कौतुकाने सांगत नाही. आलेल्या पाहुण्याला "आज भाजी बिघडलीय, राहू नका" असं तोंडावर सांगणारी बाई घरात असली की काय होतं, ते मी जन्मभर भोगलंय. माझा दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, लवकर गेला. मी लग्न केलं नाही. झाशी स्टेशनच्या रिझर्व्हेशन खिडकीवर लोकांवर ओरडण्यात माझी नोकरी सरली. घरात आम्ही दोघीच, नणंद-भावजय. भांड्याला भांडं रोज लागायचं, पण चूल कधी वेगळी झाली नाही.

आमचं घर भिक्षुकांचं. पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून आले आणि बुंदेलखंडाचे झाले. दादा गेल्यावर घरातली भिक्षुकी संपली, पण वहिनींनी एक काम हातात ठेवलं. मुंजीचं सामान त्या घरी तयार करायच्या: हाताने कातलेली जानवी, मेखला, लंगोटी, पळसाचा दंड, भिक्षेची झोळी. झाशी, ग्वाल्हेर, सागर, जिथे म्हणून मराठी घर तिथली मुंज वहिनींच्या सामानाशिवाय लागत नसे. आणि प्रत्येक जानव्यात नखाएवढा कातड्याचा तुकडा ओवलेला असे. ते कृष्णाजिन. बटूने काळविटाचं कातडं पांघरावं अशी जुनी रीत. आता पांघरायला कोण देणार, म्हणून तुकडा.

हे तुकडे आधी मामंजींच्या आसनातून निघायचे. मामंजी म्हणजे माझे वडील. ते संध्येला बसायचे ते काळविटाचं कातडं त्यांच्याही वडिलांच्या वेळचं, शिकारीवर बंदी येण्यापूर्वीचं. कडा कापता कापता बसण्यापुरती जागा उरली, तेव्हा वहिनींनी कात्री खाली ठेवली. मग गरौठ्याकडून परमलाल यायला लागला. मध, आवळे, जडीबुटी विकायचा आणि पिशवीच्या तळाशी कातड्याची पट्टी आणायचा. वहिनी दर वेळी विचारायच्या, "मारा तो नहीं न, भैया?"

"नईं अम्मा, बेतवा मैया की सौं. अपने आप मरो है."

झालं, वहिनींचं समाधान! स्वतःला खोटं बोलता येत नाही म्हणजे जगातही कुणाला येत नसणार, असा त्यांचा हिशेब. मी म्हणायची, "वहिनी, या परमलालच्या गावची हरणं दर दोन महिन्यांनी बरी सोयीने मरतात हो!" त्या म्हणायच्या, "वन्सं, शपथेवर संशय घेऊ नये."

दोन हजार नऊ साली आमच्या चुलतबहिणीचा, प्रेमलाचा, अमेरिकेतून फोन आला. नातवाची मुंज तिकडेच करणार, सामान पोस्टाने पाठवा. वहिनींनी हौसेने पार्सल बांधलं. पोस्टातल्या बाबूने विचारलं, "अम्माजी, इसमें क्या है?" दुसरी कुणी असती तर पूजेचं सामान म्हणून मोकळी झाली असती. वहिनींनी एकेक वस्तू सांगितली, शेवटी म्हणाल्या, "और हिरन की खाल का टुकड़ा." बाबूने ते जसंच्या तसं वरच्या कागदावर लिहिलं.

पार्सल दिल्लीला कस्टमने अडवलं. थोड्याच दिवसांत वनविभागाचे रेंजर परिहार आमच्या दारात. खाकी कपडे, मिशा, आणि बोलणं मात्र मऊ. त्यांनी मामंजींचं आसन आणि डब्यातल्या पट्ट्या ताब्यात घेतल्या आणि सांगितलं की काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कातडं बाळगणं गुन्हा, विकणं गुन्हा, देशाबाहेर पाठवणं तर आणखी वेगळा गुन्हा. सजा कमीत कमी तीन वर्षं.

साठी ओलांडलेली, सोवळ्यात स्वयंपाक करणारी बाई, आणि तुरुंग! मी परिहारांवर खिडकीवरच्या आवाजात ओरडले, "नखाएवढ्या तुकड्यासाठी? मोठे चोर सापडत नाहीत म्हणून म्हातारीला धरता?" ते चिडले नाहीत. म्हणाले, "बहनजी, चोर अपने पार्सल पर सच नहीं लिखवाता. इसीलिए मैं पुलिस लेकर नहीं, अकेला आया हूँ."

आमच्याच समाजातले गजाननराव वकील धावून आले. त्यांनी अटकपूर्व जामीन मिळवला आणि मग दार लोटून युक्ती सांगितली. "वहिनी, परमलालचं नाव काढायचं नाही. सगळे तुकडे मामंजींच्या आसनातले, एवढंच म्हणा. जुनी वस्तू, अज्ञानाने राहून गेली. कोर्ट दया दाखवेल. आणि इतक्या घरच्या मुंजी तुमच्या सामानाने झाल्यात, त्यांचीही अब्रू राहील." मला ते पटलं. खरं सांगते, अगदी मनापासून पटलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत याचीच मला धास्ती वाटली.

पुढच्या आठवड्यात परिहारांनी आम्हाला झाशीबाहेर बिजौलीला बोलावलं; गजाननरावही बरोबर आले. तिथल्या एका गोदामावर छापा पडला होता. आत शिंगं होती, आणि गठ्ठे बांधलेली कातडी. परमलाल भिंतीशी उकिडवा बसलेला. परिहार म्हणाले, हा माल पूजेच्या सामानाच्या नावाखाली परदेशी जायचा. "कानून यहाँ मारने से रोकता है, अम्माजी, और निर्यात की रोक वहाँ बेचने से. एक दरवाज़ा भी खुला रहे तो जानवर नहीं बचता." मग त्यांनी परमलालकडे बोट दाखवलं. "इसे पहचानती हैं?"

मी वहिनींच्या दंडाला चिमटा काढला. गजाननराव मोठ्याने खाकरले.

वहिनी गठ्ठ्याजवळ गेल्या. वरचं कातडं त्यांनी उलटून पाहिलं. मानेवर तारेच्या फासाचा वण होता. खालच्यालाही तसाच, त्याच्याखालच्यालाही. परमलालकडे वळून त्या म्हणाल्या, "बेतवा मैया की सौं खाई थी न तूने?" तो मान वर करेना. तशा त्या परिहारांना म्हणाल्या, "पहचानती हूँ. बरसों से इसी से लेती आई हूँ. जितना याद है, सब लिख लीजिए."

गजाननराव कपाळाला हात लावून बाहेर गेले. टेम्पोतून परतताना मी वहिनींना वाटेल ते बोलले. त्या ऐकत राहिल्या, मग एवढंच म्हणाल्या, "वन्सं, मामंजी काय सांगायचे? काळवीट आपखुशीने चरतो ती भूमी यज्ञाची. मी ती भूमीच कापून विकत होते हो." आणि पदर तोंडाला लावून रडल्या. दादा गेला तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. माझा राग तिथेच गळाला.

परिहारांनीच खटपट केली. सगळं खरं सांगायचं या अटीवर कोर्टाने वहिनींना माफीचा साक्षीदार केलं. भर कोर्टात त्या उभ्या राहिल्या आणि उलटतपासणीत वकिलाने डिवचलं तरी एक शब्द लपवला नाही. परमलालला आणि गोदामवाल्याला सजा झाली. वहिनी घरी आल्या. त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला तेव्हा परिहारांचं नाव घेतलं, आणि ज्यांनी कुणी तो कायदा केला त्यांचंही.

समाजात मात्र बोभाटा झाला. "आमच्या पोरांच्या मुंजी बाटवल्या," असं लोक तोंडावर म्हणाले. वहिनींनी चिरगावच्या धनगरांकडून काळ्या मेंढीची लोकर आणली आणि कातड्याच्या जागी लोकरीची बारीक पट्टी ओवायला सुरुवात केली. वर्षभर कुणी सामान नेलं नाही. मग फोन आला तो प्रेमलाचा. नातवाची मुंज राहिलीच होती. आता ती झाशीलाच करायची, वहिनींच्या हातची.

मुंजीला पोरगा आला. रघुनाथ त्याचं नाव, मराठी कळायचं पण बोलता येत नव्हतं. मंगलाष्टकं झाली, जानवं घातलं आणि मागून कुणीतरी कुजबुजलं, "कातडं नाही, मुंज लागली कशी म्हणायची?"

वहिनींनी ऐकलं. त्या वळून म्हणाल्या, "गरौठ्याच्या शेतांत काळवीट चरतायत. परवा बसमधून स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलेय. म्हणून लागली."

परिहार आमंत्रण होतं म्हणून आले होते, चपला काढून अगदी मागच्या रांगेत बसले होते. बटूने वडीलधाऱ्यांना नमस्कार करायची वेळ आली. मानाप्रमाणे पहिला नमस्कार वहिनींना. प्रेमला त्याला पुढे घेऊन आली, तशी वहिनींनी त्याचा हात धरला आणि सगळ्या भटजींच्या, सोवळ्यातल्या बायकांच्या मधून त्याला थेट मागच्या रांगेत नेलं.

"आधी यांना," त्या म्हणाल्या.

"अरे अम्माजी, मैं क्या..." परिहार गडबडून उठले.

"बैठिए," वहिनींनी दटावलं. "गिरते का हाथ जिसने पकड़ा, पहला नमस्कार उसका."

रघुनाथ वाकला. परिहारांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले. मग वहिनी माझ्याकडे वळल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आणि दुसरा नमस्कार वन्संना. फार ओरडल्या, पण मला सोडून गेल्या नाहीत."