सुट्यांचे बंदे

बसस्थानकाच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीला लागून, एक सार्वजनिक स्वच्छतागृह आहे. त्याच्या दाराशी एक लाकडी टेबल, टेबलावर पत्र्याची बशी आणि बशीमागे मावशी. ती नेमकी कोणाची मावशी, हे कधी कोणी विचारलं नाही. तिथे येणारा माणूस नाती जुळवायला येत नाही. नाणं बशीत टाकतो आणि आत पळतो.

मावशीला पगार असा नव्हता. भिंतीवर ठेकेदाराने एक चौकोनी ठशांचा कागद चिकटवला होता. ज्यांच्याकडे मोबाईल, ते त्यावर पैसे भरत आणि ते परस्पर ठेकेदाराच्या खात्यात जात. बशीत पडेल ते मावशीचं. म्हणजे म्हाताऱ्यांचं, हमालांचं आणि मोबाईलची बॅटरी संपलेल्यांचं, असं ती म्हणायची. संध्याकाळी बशीतली नाणी साबणाच्या पाण्यातून काढून, फडक्याने पुसून, ती घरी न्यायची आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात ओतायची.

डबे नवऱ्याचे. तो पाट्या रंगवायचा. त्याला सगळेच पेंटर म्हणत; तीही चिडली की "अहो पेंटर" म्हणायची. स्वच्छतागृहावरच्या ‘स्त्रिया’ आणि ‘पुरुष’ या दोन पाट्या त्यानेच रंगवलेल्या. त्या रंगवताना तो शिडीवरून खाली बघत राहिला आणि ‘पुरुष’मधला ‘ष’ थोडा तिरका गेला. तिने ते लगेच दाखवून दिलं. "तुम्ही खाली उभ्या नसतात तर सरळ आला असता," असं तो म्हणाला, आणि तिथून पुढे लग्नापर्यंत गोष्ट गेली. तो तिरका ‘ष’ अजून तसाच आहे.

आता पेंटर पाट्या रंगवत नव्हता. काचबिंदूने एक डोळा गेला होता. दुसऱ्याने त्याला नळीतून बघावं तेवढंच दिसे: समोरचं तोंड दिसायचं, पण बाजूने येणारी सायकल नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "गेलं ते परत येत नाही. आहे ते राखायचं तर ऑपरेशन करायला हवं, आणि लवकर." धर्मादाय इस्पितळात तारीख मिळाली, शुक्रवारची. गुरुवारी दुपारी बाराच्या आत दहा हजार अनामत भरायची. न भरली तर तारीख पुढच्या माणसाला.

दहा हजार होते. थोडे वरही होते. पण सगळे डब्यांत.

इस्पितळाच्या खिडकीवरच्या बाईने आधीच सांगून ठेवलं होतं. "नाणी नकोत हं. मी ती मोजत बसले तर मागची रांग माझ्या अंगावर येईल. नोटा आणा, नाहीतर कार्ड." बँकेत दिवसाला ठरावीकच नाणी घेत, तीही सकाळच्या वेळात आणि खातं असेल तर. मावशीचं खातं नव्हतं, आणि सकाळची वेळ म्हणजे लांबच्या गाड्या लागायची वेळ.

पूर्वी ही अडचणच नव्हती. टकटक्या म्हणून एक कंडक्टर होता. तिकिटाचा चिमटा पैशांच्या पिशवीवर सारखा वाजवायचा म्हणून टकटक्या. त्याला रोज सुटे लागत. दर आठवड्याला तो आपणहून दाराशी येई. "मावशी, सुटे द्या आणि बंदे घ्या. तुमच्या जिवावर माझी गाडी चालते," असं म्हणून कोऱ्या नोटा मोजून देई. बट्टा नाही, काही नाही. उलट त्या काळात बाजारात सुट्यांनाच वरचे पैसे मिळत. मग गाड्यांत यंत्रं आली, लोक मोबाईलवर तिकीट काढू लागले, टकटक्याच्या पिशवीचं पोट खपाटीला गेलं. मावशीचे डबे मात्र भरत गेले.

राहिला कोपऱ्यावरचा किराणावाला. तो शंभराला दहा बट्टा घ्यायचा.

"दहा म्हणजे फारच झालं हो," मावशी म्हणाली.

"मावशी, माझा माणूस बँकेत अर्धा दिवस रांगेत उभा राहतो. त्याला काय हवा खायला घालू?"

"मी इतकी वर्षं तुमच्याकडेच सामान भरते."

"म्हणून तर दहा. दुसऱ्याला बारा सांगतो."

तो लबाड नव्हता. पण हिशेब मावशीच्या डोक्यात पक्का होता: हजार गेले तर अनामत तेवढ्याने कमी पडणार, आणि हजारात पेंटरच्या डोळ्यातली महिन्याची औषधं येतात. हजाराची उसनवारी कोणाकडे तरी करता आली असती. बहिणीकडे करता आली असती. पण स्वतःचेच पैसे दुसऱ्याकडून परत घ्यायचे आणि त्यासाठी त्यालाच पैसे द्यायचे, हे तिच्या जिवावर आलं. "माझे पैसे काय आजारी आहेत का, त्यांना औषधपाणी करायला?" असं ती घरी येऊन म्हणाली. पेंटर हसला. ती नाही हसली.

तिने टकटक्याला गाठलं. निवृत्तीला थोडे महिने उरले होते आणि आता तो आगाराच्या कचेरीत बसून कंटाळत होता. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "माझा साडू टोलनाक्यावर आहे. त्या लोकांची सुट्यांवाचून बोंब असते. थांबा, फोन लावतो."

साडूने फोनवर होकार दिला. गुरुवारी सकाळी त्याची पाळी होती. सगळे सुटे एकदम घेईन, बट्टा एक पैसा नको, शंभर-शंभरच्या पुरचुंड्या बांधून आणा. मावशीचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवता ठेवता साडूने विचारलं, "मावशी कुठे असतात कामाला?"

टकटक्याने सांगितलं.

पलीकडून मोठ्याने हसल्याचं मावशीलाही ऐकू आलं. "बरं बरं. फक्त वास नको हं! आमचे साहेब नाकाने फार नाजूक आहेत."

टकटक्याही हसला. मावशीने हसून मान हलवली, पण ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. तिची नाणी साबणाने धुतलेली असत; त्यांना कसलाही वास नव्हता. तरी भाजीवाली तिचं नाणं पदराच्या टोकाने उचलायची, हे तिने पाहिलं होतं. एकदा एका मुलीने हातात घेतलेलं नाणं तिच्या आईने तिला टाकायला लावलं होतं. मावशी त्यावर कधी काही बोलली नाही. पण आता पेंटरचा डोळा एका अनोळखी साहेबाच्या नाकावर टांगलेला होता, आणि तिथे तिला काही बाकी ठेवायचं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी शेवटची गाडी लागण्याआधी तिने सगळे डबे कामावर आणवले. आतल्या मोरीत दोन प्लॅस्टिकच्या बादल्या मांडल्या, त्यांत नाणी ओतली आणि वरून फरशी धुण्याचं ॲसिड. लाद्यांवरचे, भांड्यांवरचे, वर्षानुवर्षांचे पिवळे डाग ती त्यानेच काढायची. त्या कामात तिचा हात कोणी धरला नसता. वरवर ओतून लगेच घासलं तर डाग नुसता फिका होतो. रात्रभर मुरू दिलं तर सकाळी पाण्याच्या एका झोतात लादी दुधासारखी. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, ती स्वतःच शिकली होती. लाद्यांनी तिला कधी दगा दिला नव्हता. बादल्यांवर झाकणं ठेवून, दाराला कुलूप लावून ती घरी गेली आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपली.

सकाळी तिने झाकण उचललं तेव्हा उग्र वाफेने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बादलीतलं पाणी हिरवट झालं होतं. तिने नळ सोडला, पाणी बदललं, पुन्हा बदललं. हातमोजा घालून मूठभर नाणी वर काढली आणि उजेडात धरली.

पिवळी नाणी गुलाबी झाली होती. जखमेवरची नवी कातडी असते तशी. पांढरी होती ती काळवंडून खडबडीत झाली होती, कडा खाल्ल्या गेल्या होत्या, आकडे बोटाने चाचपले तरच लागत होते. तिने साबण लावला. राख लावली. लिंबू आणून चोळलं. जितकं चोळावं तितका गुलाबी रंग खुलत होता.

पण तिने पुरचुंड्या बांधल्या. दुसरं काय करणार? एका हमालाला हाताशी घेऊन, रिक्षात पिशव्या टाकून ती टोलनाक्यावर गेली. साडू चौकीतून हसतमुख बाहेर आला. त्याने एक पुरचुंडी सोडली आणि त्याचं हसू जिथल्या तिथे थांबलं.

"हे काय मावशी?"

"धुतली. वास नको म्हणालात ना."

"कशाने धुतली?"

तिने सांगितलं. त्याने दुसरी पुरचुंडी सोडली, तिसरी सोडली, आणि कपाळाला हात लावला. "अहो, मी गंमत केली होती हो! तशीच आणली असतीत तर डोळे मिटून घेतली असती. इथे कोण हुंगत बसतंय?"

"पैसे तेच आहेत," मावशी म्हणाली. "रंग तेवढा गेलाय."

"मला कळतंय. ट्रकवाल्यांना कसं कळणार? ते नाणं उलटसुलट करून बघतात. गेल्या महिन्यात खोट्या नाण्यांवरून दोघांची नोकरी गेली इथे. माझ्या घरी खाणारी चार तोंडं आहेत, मावशी." मागे ट्रकचे भोंगे वाजायला लागले. तो पुरचुंड्या पुन्हा बांधू लागला. शेवटी त्याने खिशातून स्वतःच्या दोन नोटा काढल्या. मावशीने त्या घेतल्या नाहीत. नंतर कित्येक दिवस तिला वाटत राहिलं, घ्यायला हव्या होत्या.

तिथून ती किराणावाल्याकडे गेली. त्याने एक नाणं गल्ल्यावर वाजवून पाहिलं आणि परत सरकवलं. "मावशी, ही शंभराला पन्नासनेही नकोत. बँकेत माझंच नाव खराब व्हायचं." तरी त्याने आपल्या माणसाला तिच्याबरोबर बँकेत पाठवलं, हेही सांगायला हवं. खिडकीवरच्या माणसाने काचेआडून नाणी पाहिली आणि सांगितलं, अशी नाणी तपासणीसाठी वर पाठवावी लागतात, अर्ज करा, उत्तर येईल.

"कधी येईल?"

"येईल तेव्हा कळवू."

बहिणीकडे जाऊन, हातापाया पडून, मिळाले तेवढे पैसे घेऊन ती इस्पितळात पोचली तेव्हा खिडकी बंद झाली होती. आणि उघडी असती तरी पैसे निम्मेही नव्हते. हजार मागायला बहिणीकडे गेली असती, तर मिळाले असते. सगळे दहा हजार तिच्याकडे कुठून असणार? खिडकीवरच्या बाईने बाहेर येऊन, वही न उघडताच पुढची तारीख सांगितली. ती पावसाळ्यानंतरची होती.

घरी पेंटर दारातच बसला होता, धुतलेला सदरा घालून, इस्पितळात न्यायची पिशवी मांडीवर घेऊन. मावशीने त्याच्या तळहातावर एक नाणं ठेवलं. त्याने ते डोळ्यासमोर, नळीच्या टप्प्यात आणलं. बराच वेळ पाहिलं.

"तांब्याचा रंग उतरलाय यावर," तो म्हणाला. "असा रंग मिसळून मिळत नाही." मग म्हणाला, "ॲसिड ना?"

"हो."

"पाट्यांचा पत्रा मी त्यानेच साफ करायचो. मला विचारायचं होतंस गं."

तो एवढंच बोलला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यांत मावशीने त्या नाण्यांची विल्हेवाट लावली, पण ती फार हळूहळू. कोणी नोट दिली की सुटे परत करताना ती दोन-तीन गुलाबी नाणी इतर नाण्यांत मिसळून द्यायची. तिथून बाहेर पडणारा माणूस हातातले पैसे बघत नाही. खिशात टाकतो, गाडी गाठतो. एकानेही नाणं परत आणलं नाही. इतकी वर्षं ज्या वाटेने नाणी तिच्याकडे आली, त्याच वाटेने ती गेली. कोणाला एक पैसा बट्टा द्यावा लागला नाही. फक्त नोट देणारी माणसं दिवसाकाठी मोजकीच येत, आणि नळी आवळत चालली होती. आधी पेंटरला ताटातली वाटी दिसेना झाली. मग ताट. पावसाळा संपता संपता डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात दिवा धरला, बंद केला, आणि तारीख दुसऱ्या कोणाला देऊन टाकायला सांगितलं.

शेवटचा डबा रिकामा झाला त्या संध्याकाळी मावशीने एक नाणं मागे ठेवलं आणि घरी आल्यावर पेंटरच्या हातावर ठेवलं. त्याने ते अंगठ्याने चाचपलं, खाल्लेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"त्यातलंच ना?"

"त्यातलंच. शेवटचं."

"रंग कसा आहे आता?"

"तसाच आहे."

त्याने मूठ मिटली. मग हात पुढे केला. ती उभी होती त्या जागेच्या थोडा बाजूलाच.

"मग दे कोणाला तरी," तो म्हणाला. "घरात ठेवून काय करायचं?"