चौकटीबाहेर गेलेली तूर

लाल शाईच्या बाटलीचं बूच उघडलं की तो वास येतो आणि माझं डोकं आजही तापतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, मी तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. मोठे साहेब येणार म्हणून गावोगावच्या पिकांचा तक्ता काढायचा होता. एका गावाला एक उभा पट्टा, जितके एकर तितका उंच, त्यात खाली पांढरी कपाशी, मध्ये पिवळी ज्वारी, वर लाल तूर. तीन दिवस मान मोडून काढला, पण सोनाळ्याचा पट्टा चौकटीबाहेर गेला. वर कागद चिकटवून चौकटच वाढवली, तेवढ्यात तिथला ग्रामसेवक आला नि हसला. "आमच्या शिवारापेक्षा पेरा जास्त कसा? तूर कपाशीतच हाये ना! तेच वावर दोनदा मोजलं तुम्ही." मी ओरडलो, "मंग आधी काऊन नाही सांगतलं?" "तुम्ही इचारलंच कुठं?" शाई वाळून गेली होती. शेतकऱ्याचाच पोरगा मी, रोज कपाशीतल्या तुरीच्या ओळी बघत सायकल हाणायचो. परवा नातीनं संगणकावर तसेच रंगीत पट्टे क्षणात उभे केले. मी विचारलं, "यातली तूर कपाशीतली का गं?" "आकडे आले तसे टाकले, आजोबा," ती म्हणाली, आणि मला पुन्हा माझाच राग आला.