पुढच्या हादग्याला

हादग्याचा पाचवा दिवस होता. कऱ्हाडला सासऱ्यांच्या दारात टॅक्सी उभी होती आणि मुंबईच्या विमानतळापर्यंतचा रस्ता लांबचा होता, म्हणून मी घड्याळाकडे पाहत होतो. माझी पत्नी शालिनी तिच्या आईपुढे उभी होती. दोन वर्षांचा श्रीकांत तिच्या कडेवर होता. भिंतीवर हादग्याचे चित्र लावले होते. समोरासमोर उभे दोन हत्ती, त्यावर फळांच्या माळा. सासूबाईंनी त्या वर्षी तशी दोन चित्रे आणली होती. दुसरे त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून लेकीच्या हातात दिले आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, पुढच्या हादग्याला तेवढं हिला पाठवा."

"बघू," मी म्हणालो.

मी जहाजावरचा इंजिनिअर. सिंगापूरला तुआसमधल्या एका जहाजदुरुस्ती यार्डात नोकरी मिळाली होती. माझे उत्तर मला त्या वेळी सभ्य वाटले. या गोष्टीला छत्तीस वर्षे झाली.

गावी राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखे जे इथे आले त्यांच्यासाठी हे लिहितो. लिहिण्याची सवय मला केवळ इंजिनरूमच्या लॉगबुकाची आहे. तिथे तापमान आणि दाब लिहितात, मनात काय आले ते लिहीत नाहीत.

या बेटावर शरद ऋतू नाही. आश्विनात तेच ऊन आणि दुपारी तोच पाऊस. ऋतू बदलल्याचे आम्हांला कार्यक्रमांच्या यादीवरून कळते. गणपतीत नाटक, नवरात्रात भोंडला, कोजागिरीला गाणी, मग दिवाळी पहाट. ही पहाट सकाळी अकराला होते, कारण सभागृह दहाला उघडते. याचे आता कोणाला हसू येत नाही.

आम्ही आलो तेव्हा यांपैकी फारसे काही नव्हते. पहिल्या वर्षी शालिनीने ते चित्र फ्लॅटच्या भिंतीला चिकटवले आणि ओळखीच्या चार बायकांना बोलावले. त्या पुण्यामुंबईच्या. त्या भोंडला म्हणत, तेच नाव रूढ झाले. घरात आम्ही हादगाच म्हणतो. पाचांच्या पन्नास झाल्या, फ्लॅट पुरेना, मग दुसऱ्या एकीच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर फेर धरू लागल्या. गाणी शालिनी सांगत असे. तिला वही लागत नसे.

माझे काम खिरापतीचा डबा पोहोचवण्याचे. गाणी संपली की झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखायचे असते, आणि तिची खिरापत कोणालाही ओळखता येऊ नये असा तिचा हट्ट. "डबा वाजू देऊ नका हं. आवाजावरून ओळखतात मेल्या," असे ती दर वर्षी बजावी. एमआरटीच्या गाडीत मी तो डबा मांडीवर स्थिर धरून बसत असे. नेऊन दिला की माझे काम संपले. फेरात पुरुषांचे काय काम? आम्ही नवरेमंडळी समोरच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत बसायचो. गाण्याचे तुकडे कानावर यायचे. त्यांतले एकही गाणे मी पूर्ण ऐकले नाही.

माहेरी ती गेली नाही असे नाही. दर दोन वर्षांनी आम्ही जात होतो, पण डिसेंबरात. हादगा पडतो आश्विनात, आणि आश्विनात इथल्या मुलांच्या परीक्षा. एका वर्षी मी म्हणालो, "ड्राय डॉकमधलं जहाज बाहेर पडू दे." कायम वास्तव्यासाठी अर्ज केला तेव्हा म्हणालो, "पी.आर.चं होऊ दे." मग, "श्रीकांतची सहावीची पीएसएलई होऊ दे." मग त्याची ओ लेव्हल. ती "बरं" म्हणे आणि खिरापतीच्या तयारीला लागे. सासूबाई फोनवर काही मागत नसत. "चित्र अजून आहे ना गं?" एवढेच विचारत.

एका श्रावणात त्या गेल्या. शालिनी दिवसकार्य करून परतली. पुढे तिच्या भावाने जागा बिल्डरला दिली. तिथे आता चार मजली इमारत आहे आणि खाली मोबाइलचे दुकान.

तीन वर्षांपूर्वी ती विसरू लागली. आधी गॅस, मग तारखा, मग माणसे. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, ते इथे लिहीत नाही. या वर्षी मी पहिल्यांदाच आश्विनातली तिकिटे काढली. डॉक्टर म्हणाले, विमान आणि अनोळखी जागा, दोन्ही तिला सोसणार नाही. श्रीकांतने तिकिटे रद्द केली. "बाबा, इतकी वर्षं नाही गेलात, आता कशाला?" तो म्हणाला. त्याने ते सहज म्हटले. तो वन-नॉर्थला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याला घाई असते.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितले होते. लहानपणची गाणी शेवटपर्यंत टिकतात. मी त्यावर भिस्त ठेवली. कऱ्हाडला नेता येत नाही, निदान भोंडल्याला नेऊ. गाणे ओठांवर आले तर त्यामागोमाग ती स्वतः थोडी परत येईल, असा माझा हिशेब होता. बंद पडलेले इंजिन तसे कधीकधी सुरू होते.

रविवारी दुपारी मी तिला घेऊन गेलो. भोंडला आता सभागृहात होतो. तिला एकटे सोडता येत नाही, म्हणून मी प्रथमच आत, फेराच्या कडेला खुर्चीवर बसलो. मधोमध पाटावर तेच चित्र होते, कडांना चिकटपट्टी लावलेले. गाणी आता स्पीकरवर वाजतात आणि बायका फोनमध्ये पाहून म्हणतात. सगळे व्यवस्थित होते. मुग्धा नावाची एक तरुण मुलगी हे सारे सांभाळते. तिने शालिनीला चित्राजवळ बसवले. "काकू, तुम्हीच सुरू करायचं हं!"

शालिनीने तिच्याकडे पाहिले आणि पदराचे टोक चुरगळत राहिली. तीन गाणी झाली. तिच्या ओठांवर काही आले नाही. मी घड्याळाकडे पाहिले.

चौथे गाणे माहेरी जाण्याची परवानगी मागणाऱ्या सुनेचे होते. रेकॉर्डवर त्याची दोनच कडवी होती. ती संपली, पुढचे गाणे सुरू झाले, आणि शालिनी उठून उभी राहिली. तिने तिसरे कडवे धरले. मुग्धाने धावत जाऊन स्पीकर बंद केला. शालिनीचा आवाज बारीक झाला होता, पण सूर सुटला नाही आणि शब्द अडला नाही. बायका तिच्याभोवती फिरू लागल्या.

ते गाणे मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण ऐकले. सून विचारते, जाऊ का? उत्तर येते, अमुक होऊ दे, मग जा. ते होते. ती पुन्हा विचारते. तमुक होऊ दे, मग जा. कडव्यामागून कडवी. त्यातले प्रत्येक उत्तर मी दिलेले होते. वर्षानुवर्षे ती हे गाणे पन्नास बायकांत उभी राहून म्हणत होती आणि मी रस्त्यापलीकडे कोपी पीत होतो.

गाणे संपल्यावर ती फेरातून बाहेर आली आणि माझ्या खुर्चीसमोर उभी राहिली. तिने डोक्यावर पदर घेतला. माझ्यासमोर तिने कधी घेतला नव्हता. माझ्या वडिलांसमोर घेत असे. मी आता त्यांच्यासारखा दिसतो.

"मामंजी, जाऊ का मी?"

बायकांना तो अभिनय वाटला. टाळ्या पडल्या. "काका, द्या की परवानगी! किती छळाल सुनेला?" कोणीतरी ओरडले.

"जा," मी म्हणालो.

ती लगबगीने दाराशी गेली. चपला शोधल्या, पायांत घातल्या. मग उंबऱ्यात थांबून तिने मागे वळून पाहिले.

"कुठे?"

टाळ्या थांबल्या. मुग्धाने तोंड फिरवले.

तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता ती चपला घालून दाराशी उभी राहते. माझी नात इरा शाळेतून आलेली असते. ती म्हणते, "आज्जी, गो व्हेअर? होमच तर आहे हे, लाह." शालिनी तिच्याकडे लक्ष देत नाही. मी तिचा हात धरतो आणि आम्ही सेंगकांगच्या एलआरटीत बसतो. ही लहान गाडी इमारतींमधून एक फेरा घालते आणि निघाली तिथेच परत येते. शालिनी खिडकीशी बसते. मांडीवर रिकामा डबा असतो. तो ती वाजू देत नाही.

फेरा संपला की आम्ही उतरतो. "आलं?" ती विचारते. "आलं," मी म्हणतो. पूर्वी मी केवळ पुढे ढकलत होतो, खोटे बोलत नव्हतो.

घर म्हणजे काय, असे पुष्कळदा विचारले जाते. जिथे आपली कोणी वाट पाहते ती जागा, एवढे मला सांगता येईल. तिची वाट पाहणारी आई गेली, कऱ्हाडचे ते दारही गेले. माझी वाट पाहणारी माझ्याशेजारी बसलेली असते आणि मला मामंजी म्हणते.

बहुतेक दिवशी "आलं" एवढ्यावर भागते. एखाद्या दिवशी मात्र ती फलाटावर थांबते, समोरचे ब्लॉक पाहते, माझ्याकडे पाहते आणि म्हणते, "अहो, इथूनच तर निघालो होतो आपण."

त्या दिवशी तिला सगळे आठवत असते. ते दिवस मला सोसत नाहीत.