३१.८

आमच्या प्रयोगशाळेत मीटरभर लांबीची एक बंद नळी होती. तिच्या दोन्ही टोकांना समोरासमोर आरसे. आत लेसरचा प्रकाश सोडून तो अचानक तोडायचा. कोंडलेला प्रकाश आरशांमध्ये हजारो फेऱ्या मारून विझत जाई. नळीत वायू असला की तो लवकर विझे, आणि किती लवकर यावरून वायू किती ते कळे. पण त्यासाठी रोज सकाळी आधी नळीत कोरडा नायट्रोजन भरून प्रकाश किती टिकतो ते मोजायचं आणि रजिस्टरात लिहून सही करायची. दिवसभराचे नमुने याच आकड्याशी ताडून वायू किती ते काढलं जाई. हे काम माझं होतं.

नोएडात आमचा फ्लॅट तयार होत होता, त्या वर्षीची गोष्ट. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून एकदाचं स्वतःच्या घरात जायचं होतं. फरशी निवडायला बिल्डरनं सकाळी बोलावलं. मी ऑफिसला दीड तास उशिरा पोचलो. आदल्या दिवशी ३१.८ मायक्रोसेकंद आले होते. न मोजता तेच लिहिलं आणि सही केली.

आदल्या संध्याकाळी आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, आली होती. नळीच्या सांध्यांतून बारीक धूळ आत जाऊन आरशांवर बसली असणार, म्हणजे प्रकाश वायूशिवायही लवकर विझणार. ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

आमच्याकडे एक संशोधक विद्यार्थिनी होती, सांगलीची. मुनिरक्यात खोली घेऊन राहायची आणि मला काका म्हणायची. त्या दिवशी दुपारी तिनं नळीचं एक टोक उघडून सील बदललं, मग हवेचा नमुना मोजला. वायूचा आकडा मोठा आला. ती खूश होती. दुसऱ्या सकाळी मी खरंच मोजलं. २७.४ आले. तेही लिहिलं. तिच्या गाईडनी तोच नमुना पुन्हा मोजून घेतला, तर आकडा निम्म्याहून कमी.

त्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली. काल सकाळी आरसे स्वच्छ होते, आज मळलेले आहेत, आणि मधे नळी उघडली ती फक्त तिनं. "रजिस्टर तो झूठ नहीं बोलता," ते म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही सांगा ना सरांना. मी हातमोजे घातले होते."

"घातले होते," मी म्हणालो. खरं होतं ते. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. वीस वर्षांची नोकरी, आकड्यांत चोख म्हणून असलेलं नाव, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी गप्प बसलो.

तिला त्या उपकरणावरून काढलं आणि संगणकावरच्या गणिताला बसवलं. तिचा हात फार हलका होता. आरसा पुसताना ती श्वास रोखून धरायची. पीएचडी झाली, पण पुन्हा तिनं आरशाला हात लावला नाही. पुढे एकदा चहाला बसलो असताना म्हणाली, "नशीब सरांनी वेळेवर ओळखलं. माझ्या हातात ते काम नाहीच आहे, काका."

मी तिला दुसरा समोसा घ्यायला सांगितलं.